जुन्या टेलिफोननं ऐकलेलं ‘व्हय की’

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. तुमच्या घरातल्या फोनसारखा खिशात मावणारा नव्हे. टेबलावर ऐसपैस बसणारा, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. माझा रंग एके काळी दुधासारखा पांढरा होता. आता तो जुन्या खोबऱ्यासारखा पिवळट झाला आहे आणि माझी तबकडी सातच्या आकड्यापाशी जरा अडखळते. पण कान अजून शाबूत आहेत. खरं सांगायचं तर मला डोळ्यांपेक्षा कानांचाच भरवसा जास्त. माणूस कसा दिसतो यापेक्षा तो कसा बोलतो हेच मी जन्मभर पाहत आलो.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एक बाई आमची घंटी कानानं पारखायच्या. माझी घंटी वाजताच त्या हसून म्हणाल्या, “हा लांब ऐकू जाईल.” पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून मी रेल्वेनं कोल्हापुरात आलो. राजारामपुरीत सोमशेखर यांचं इरकली लुगड्यांचं आणि खणांचं दुकान होतं. फोनसाठी अर्ज करून ते कित्येक वर्षं वाट पाहत होते. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला हार घातला, कुंकू लावलं आणि साऱ्या गल्लीला पेढे वाटले. त्यांच्या पत्नीनं माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. एवढा मान पुढे मला कधीच मिळाला नाही.

तेव्हा गल्लीत फोन एकच. त्यामुळे माझा नंबर सगळ्यांचाच नंबर होता. कुणाचा मुलगा पलटणीत होता, कुणाची लेक धारवाडला दिलेली होती. घंटी वाजली की सोमशेखर दुकानाच्या पायरीवर येऊन हाळी द्यायचे, “अहो शिंदेवहिनी, फोन आलाय!” मग वहिनी पीठ लागलेल्या हातांनीच धावत यायच्या, चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा आत यायच्या. लोक फोनवर फार थोडं बोलत. मिनिटं महाग होती आणि भोवती गिऱ्हाईक बसलेलं असे. “बरं हाय” एवढंच एखादी आई म्हणायची. पण ते ‘बरं हाय’ कधी खरंच बरं असायचं आणि कधी त्याच्यामागे हुंदका दाबलेला असायचा. दुसऱ्या टोकाच्या माणसाला तो ऐकू यायचा. मलाही यायचा.

मग मोबाईल आले. आधी सोमशेखरांच्या मुलाच्या पट्ट्याला एक लटकला, मग प्रत्येकाच्या हातात आला. माझी घंटी आठवड्यातून एखादे वेळी वाजू लागली, तीही चुकीच्या नंबरची. एक दिवस लाईन बंद झाली. मी गल्ल्याजवळून फळीवर गेलो, फळीवरून माळ्यावर. तिथे गणपतीच्या जुन्या मखराशेजारी मी किती वर्षं पडून होतो ते मला सांगता येणार नाही. क्रोशाचं झाकण झुरळांनी खाल्लं. पालीनं माझ्या पोटाखाली अंडी घातली. वस्तूला फेकून दिलं तर एकदाच वाईट वाटतं, मित्रांनो. ठेवून विसरलं, तर रोज वाटतं.

मला खाली काढलं ते सोमशेखरांच्या नातीनं. तिचं नाव रक्षिता. ती स्पीच थेरपी शिकून आली होती. डोक्याला मार लागून किंवा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशांना पुन्हा बोलतं करण्याचं हे काम. दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिनं दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. मला ओल्या फडक्यानं पुसताना ती आजोबांना म्हणाली, “अज्जा, हा मला पाहिजे. माझ्या पेशंटांना फोन उचलता येतो का, निरोप देता येतो का, ते बघायचंय.”

“अगं, लाईन कुठाय त्याला?” म्हातारे सोमशेखर म्हणाले.

“नसू दे. नाटकापुरता.”

असा मी नाटकातला फोन झालो. रक्षिताची तपासणी मला सुरुवातीला गमतीची वाटे. खोलीत तिनं एक लुटुपुटीचं दुकान मांडलं होतं. भिंतीवर घड्याळ, बसची पाटी, हॉटेलातला पदार्थांचा फलक. पेशंटनं रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, गोळ्यांचं पाकीट वाचायचं, दुकानात साबण मागायचा, कुणी नको ते गळ्यात मारलं तर नको म्हणायचं. ती म्हणे, “किती शब्द येतात हे मोजणं वेगळं, आणि माणसाचं रोजचं काम भागतं का हे बघणं वेगळं.” एक निवृत्त बस कंडक्टर यायचे. त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण थांब्यांची नावं मात्र एका दमात, घंटी मारल्यासारखी म्हणायचे. तिथे बसून मला कळलं, की भाषा माणसाला सोडून जाते तेव्हाही जाता जाता काहीतरी ठेवून जाते.

हिराबाईंपाशी भाषेनं दोनच शब्द ठेवले होते.

हिराबाई कुरुंदवाडच्या. नवरा लवकर गेला. दोन म्हशींच्या जोरावर त्यांनी मुलाला शिकवलं. जवळच्या वाडीतल्या बासुंदीवाल्यांना दूध घालायच्या आणि त्यांचा आवाज म्हणे नदीच्या पल्याड ऐकू जायचा. गावात भांडण असो की बारसं, हिराबाईंच्या बोलण्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही. अशा बाईंना एका सकाळी गोठ्यातच अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात थोडा सुधारला, पण बोलणं गेलं. काही विचारलं की तोंडातून एकच निघायचं, “व्हय की.”

त्यांना घेऊन त्यांचा मुलगा बाळासो आला. तो वारणानगरला नोकरीला होता आणि तिथल्याच कॉलनीत राहायचा. आईचा अंबाडा त्यानंच बांधला होता. तो एका बाजूला कलला होता आणि त्यातून पिना बाहेर आल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. झोप न झालेला होता.

“मॅडम, आईला आता माझ्याकडंच नेणार हाय,” तो म्हणाला. “तिकडं एकटी कशी ठेवायची? म्हशी पण एका पावण्याला इकायच्या ठरवल्यात. आई तयार हाय. व्हय न्हवं, आई?”

“व्हय कीऽऽ,” हिराबाई म्हणाल्या.

“बघा,” बाळासो म्हणाला.

मी दचकलो. तो होकार नव्हता. त्या ‘की’ला एक लांब शेपूट होतं, खाली ओढलेलं. पण मी एक बंद फोन. मला कोण विचारतो?

रक्षितानं तपासणी सुरू केली. चित्रं दाखवली. म्हैस, “व्हय की.” कुलूप, “व्हय की.” घड्याळ, “व्हय की.” डोळे मिटा म्हटलं की हिराबाई मिटायच्या, खिडकीकडे बोट दाखवा म्हटलं की दाखवायच्या. समजत सगळं होतं. बाहेर काही येत नव्हतं. शेवटी रक्षितानं मला पुढे सरकवलं.

“आक्का, समजा घरात तुम्ही एकट्या हाय आणि बरं वाटंना झालंय. फोन उचला आणि मुलाला बोलवा.”

हिराबाईंनी डाव्या हातानं रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि परत ठेवून दिला.

“पुन्हा एकदा बघा, आक्का.”

परत तेच. बाळासोनं मान हलवली. “फोन काय जमंना तिला. म्हणून तर म्हंतो मी.”

तेव्हा हिराबाईंनी माझी वायर धरली. टेबलाखालून ती ओढत ओढत वर आणली आणि तिचं मोकळं टोक रक्षिताच्या नाकासमोर धरलं. “व्हय की!” त्या म्हणाल्या. आवाजात असा ठसका होता, की बाहेरच्या खोलीत बसलेला दवाखान्यातला मदतनीस केरबा आत डोकावला.

रक्षिता क्षणभर वायरकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. “चुकलं माझं, आक्का! लाईनच न्हाय तर बोलायचं कुणाशी? शहाणं माणूस कसं बोलंल?” हिराबाईही हसल्या. झटका आल्यापासून आई पहिल्यांदा हसली, असं बाळासो म्हणाला.

त्या दिवशी रक्षितानं बाळासोला सांगितलं, “एवढ्यात काही ठरवू नका. मला आक्कांना अजून नीट बघायचंय. नाटकातलं नको, खरंखुरं.” आणि माझ्या नशिबाचं चाक फिरलं. तिनं इलेक्ट्रिशियनला बोलावून एका खोलीतून दुसरीत बोलता येईल असा इंटरकॉम बसवून घेतला आणि मला त्याला जोडलं. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या माझ्या तारांतून वीज गेली. घंटी वाजली. जरा घोगरी वाजली, पण खालून जिन्याच्या तोंडाशी येऊन सोमशेखर म्हणाले, “आपला फोन वाजला का गं?” त्यांच्या आवाजातला तो थरथराट मी आजही विसरलेलो नाही.

पुढच्या खेपेला हिराबाई माझ्यासमोर बसल्या आणि पलीकडे केरबा. काम खरं होतं. सगळ्यांसाठी चहा सांगायचा होता.

“हॅलो, कोण बोलतंय?” केरबा म्हणाला.

“व्हय की.”

“आक्का व्हय? काय पायजे? पाणी?”

“व्हय कीऽऽ.”

“पाणी न्हाय? मग च्या का?”

“व्हय की!” तुटक, वर उडालेला आवाज.

“बरं. किती? दोन?”

“व्हय कीऽऽ.” आणि लगेच हिराबाईंनी बोटाच्या पेरानं माझ्या पाठीवर हवे तितके ठोके मोजून मारले. केरबानं ऐकून तेवढेच कप आणले. एक बिनसाखरेचा, रक्षितासाठी, तोही प्रश्नाप्रश्नानं बरोबर निघाला.

रक्षिता चहा प्यायचं विसरून गेली. “केरबा, तुला कसं कळलं न्हाय म्हंत्यात ते?”

“कळतंय की. आवाजच तसा हाय,” केरबा म्हणाला, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पण रक्षिता एका चहावर विश्वास ठेवणारी नव्हती. पुढे अनेक खेपांना तिनं हिराबाईंना उलटसुलट विचारलं. तुमचं नाव चिमणाबाई का? तुमचं गाव नदीकाठी का? म्हशीला शिंगं असतात का? म्हैस झाडावर चढते का? या प्रश्नाला हिराबाईंनी असं काही “व्हय कीऽऽ” म्हटलं, की दोघीही पोट धरून हसल्या. कधी रक्षिता भिंतीकडे तोंड करून ऐकायची, म्हणजे चेहरा दिसू नये. बहुतेक वेळा उत्तर तिला बरोबर कळायचं. शब्द तेच दोन होते, पण त्यांच्यात हो होता, नाही होता, राग होता, चेष्टा होती. फक्त घाईच्या कानाला ते सापडत नव्हतं.

मग तिनं बाळासोला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याला ते पटेना. “मॅडम, मी तिचा पोरगा हाय. मला कळणार न्हाय काय? इचारलं तवा व्हयच म्हटलंय की तिनं.”

“कधी विचारलंत?”

तो घुटमळला. “असंच… निघता निघता.”

“आज बसून विचारा,” रक्षिता म्हणाली. “पण समोर नको. फोनवर विचारा.”

केरबा खुर्चीवरून उठला. बाळासो पलीकडच्या खोलीत जाऊन बसला. माझी घंटी वाजली. हिराबाईंनी रिसीव्हर उचलला.

“हॅलो, आई. मी बाळासो.”

“व्हय की.” मऊ, ओळखीचा.

“जेवलीस का?”

“व्हय की.”

“तुझं नाव… शालूबाई हाय काय?” शेजारणीचं नाव त्याच्या तोंडात आलं.

“व्हय कीऽऽ!”

पलीकडे खुर्ची करकरली. मग तो खाकरला. “आई, वारणानगरला येतीस न्हवं माझ्यासंगं?”

हिराबाईंनी रिसीव्हर तोंडाजवळ घेतला. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. मग त्या म्हणाल्या, “व्हय कीऽऽ.” ते शेपूट इतकं लांब आणि इतकं थकलेलं होतं, की माझ्या तारांना ते जड झालं.

“म्हंजे… न्हाय?”

“व्हय की.” तुटक.

“कुरुंदवाडलाच राहायचंय तुला?”

“व्हय की!”

“म्हशी इकायच्या न्हाईत?”

“व्हय की! व्हय की!”

किती फोन ऐकले मी आयुष्यात! पलटणीतून आलेले, माहेरून आलेले, मध्येच तुटलेले. पण त्या भिंतीपलीकडून आलेला तो हुंदका सगळ्यांत जवळचा होता. “आई, मी गोठा रिकामा कराय निघालो हुतो की गं,” बाळासो म्हणाला. “तू न्हाय म्हंत हुतीस आणि मला ऐकूच आलं न्हाय.” तेव्हा हिराबाईंनी तिसऱ्याच एका सुरात “व्हय की, व्हय की” म्हटलं. पडलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवताना म्हणतात ना, तसं.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं झालं असतं. पण बाळासो आत आला तो डोळे पुसून विचारत, “राहायचंय म्हंती ते कळलं. पर रातच्याला काय झालं तर? हाक कुणाला मारंल ती?”

“तुमची भीती खोटी न्हाय,” रक्षिता म्हणाली. “पण घाबरून ठरवण्यापेक्षा घरी जाऊन बघूया.”

रविवारी ती कुरुंदवाडला गेली. तिथं काय झालं ते मी तिनं सोमशेखरांना सांगताना ऐकलं. हिराबाईंनी दारावर आलेल्या प्लास्टिकवाल्याला दोन शब्दांत वाटेला लावलं. शेजारच्या शालूबाईंना बोलावण्यासाठी त्या पितळी घागरीवर उलथनं वाजवतात, आणि शालूबाई हातातलं टाकून येतात. फोटोची बटणं असलेला एक साधा मोबाईल रक्षितानं नेला होता. मुलाऐवजी त्यांनी आधी डॉक्टरांचं बटण दाबलं, मग परत डॉक्टरांचं, आणि त्यानंतर कुठे मुलाचं. गोळ्यांत मात्र गोंधळ होता. संध्याकाळच्या त्या सकाळीच घेत होत्या. रक्षितानं हे बाळासोपासून लपवलं नाही. “सगळं जमतंय असं मी म्हणणार न्हाय,” तिनं त्याला सांगितलं. “काय जमतंय आणि कुठं हात द्यायचा, एवढं कळलं.”

मग असं ठरलं. गोळ्या शालूबाईंनी द्यायच्या. एक म्हैस ठेवायची, एक द्यायची. बाळासोनं रविवारी यायचं. आणि पावसाळ्यात नदीचं पाणी गावाकडे सरकायला लागलं की हिराबाईंनी वारणानगरला जायचं. ही शेवटची गोष्ट बाळासोनं स्वतः विचारली आणि विचारून थांबला. हिराबाईंनी बराच वेळ अंगणातल्या खुंट्याकडे बघितलं. मग तुटक म्हणाल्या, “व्हय की.”

त्या पावसाळ्यात खरंच पाणी वाढलं. हिराबाई आपल्या पायांनी गाडीत बसल्या, म्हैस पाहुण्यांकडे उंचावर बांधली गेली, आणि पाणी ओसरल्यावर दोघीही घरी परतल्या.

परवा त्या पुन्हा तपासणीला आल्या होत्या. अंबाडा आता स्वतः बांधतात, डाव्या हातानं. चित्रांची नावं अजून सांगता येत नाहीत. म्हातारपण आहे, सगळं परत येणार नाही, हे रक्षितालाही माहीत आहे आणि त्यांनाही. तपासणी झाली. जिन्यापाशी बाळासोनं विचारलं, “आई, भूक लागली असंल. मिसळ खायची?”

“व्हय कीऽऽ.”

“मग काय खायचं?”

केरबाच्या ओठांवर ‘भजी?’ आलंच होतं, पण बाळासोनं हातानं त्याला थांबवलं. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. कुणीतरी जिना चढत होतं, ते बाजूला उभं राहिलं. हिराबाईंनी कठडा घट्ट धरला. ओठ मिटले, उघडले. “भ…” त्या म्हणाल्या. पुन्हा मिटले. बाळासो पायरीवर तसाच उभा. घड्याळ बघितलं नाही, शब्द पुरवला नाही.

“भ… भडंग,” हिराबाई म्हणाल्या.

बाळासो आणि केरबा जागच्या जागी त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग हिराबाईच वैतागून म्हणाल्या, “व्हय की!” म्हणजे, चला आता, उभं काय राहिलाय!

मित्रांनो, माझे फार दिवस राहिलेले नाहीत. तबकडी अडखळते, घंटी घोगरी झाली आहे, सुटे भाग मिळत नाहीत. मला रोज पुसा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी शब्दासाठी झगडत असेल, कुणाची जीभ झटक्यानं लुळी पडली असेल, कुणी अडखळत असेल, तर त्याच्या तोंडचं वाक्य हिसकावून घेऊ नका. निघता निघता विचारू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि मग थांबा. त्याचं उत्तर यायला वेळ लागतो, एवढंच. ते वाटेत असतं.